चार पाय जमिनीवर

आमच्या घरी येणारा पाहुणा फाटकाबाहेरूनच दोन प्रश्न विचारतो. एक म्हणजे, "आहेत का घरात?" आणि दुसरा, "कुत्रं बांधलंय का?" पहिल्या प्रश्नाचं उत्तर मिळालं नाही तरी त्याचं काही अडत नाही, दुसऱ्याचं मिळाल्याखेरीज तो कडीला हात लावीत नाही.

या कुत्र्याचं नाव भुंग्या. नाव आम्ही ठेवलेलं नाही. ते माहेराहूनच घेऊन आला. 2020 च्या उन्हाळ्यात, टाळेबंदीत, आमच्या शेतात मेंढरं बसवली होती. गोदावरीच्या अंगाची काळी जमीन, तिला मेंढरांच्या लेंडीखतासारखं दुसरं खत नाही, असं मामंजी सांगत. खत मिळालं आणि वर एक पिल्लूही मिळालं. मेंढपाळाच्या कुत्रीला पाच पिल्लं झाली होती. त्यातलं एक सारखं गोल गोल फिरायचं, म्हणून त्याच्या पोरांनी त्याला भुंग्या म्हणायला सुरुवात केली होती. आमच्या ह्यांनी ते पिशवीत घालून घरी आणलं आणि माझ्या ओच्यात टाकलं.

ते माझ्याच ओच्यात का टाकलं, हे आम्हां दोघांना ठाऊक होतं. आदल्या वर्षी, 2019 साली, मला दिवस राहिले होते आणि तिसरा महिना पुरा व्हायच्या आत सारं संपलं होतं. घरात कुणी त्याविषयी बोलत नसे. मी पतसंस्थेतून यायची, चहा घ्यायची, खिडकीशी बसायची. भुंग्याने ती खिडकी सोडायला लावली. त्याने माझी चप्पल पळवली, उशी फाडली, सासूबाईंच्या सुपातले तीळ उधळले. सहा महिन्यांनी मी हसताना ऐकून सासूबाई स्वयंपाकघरातून बाहेर आल्या होत्या. काय झालं ते पाहायला.

पण एवढ्याने सासूबाईंचं कुत्र्याशी जमलं असं नाही. भुंग्या ओसरीवर आला की त्या पाय वर घेऊन बसत. त्याचं पाण्याचं भांडं रिकामं दिसलं तर मात्र लगबगीने मला हाक मारीत, "अगं, त्याला पाणी ठेव. तहानेलं कुत्रं वाईट." ह्या बोलण्यातली भीती मला त्या वेळी ऐकू आली नाही. जुन्या माणसांचं सोवळं, एवढंच मी समजले.

2021 च्या जुलैत मला पुन्हा दिवस असल्याचं कळलं. सारं घर एकदम हलक्या पावलांनी चालू लागलं. एक भुंग्या सोडून. तो तेव्हा सव्वा वर्षाचा होता. ज्यांनी मेंढपाळाचं कुत्रं पाळलं नसेल त्यांना हे वय समजावून सांगणं अवघड आहे. ज्याच्या आईने रोज दहा-वीस कोसांची चाल केली, कळपाभोवती घिरट्या घातल्या, रात्री लांडग्याच्या वासाने कान टवकारले, त्याला आम्ही तीस फुटांचं अंगण दिलं होतं. मेंढरं नव्हती, म्हणून तो आम्हांला वळायचा. मी न्हाणीघराकडे निघाले की आडवा, फाटकाकडे निघाले की आडवा. आणि संध्याकाळी मी घरी आले की दोन्ही पंजे थेट छातीवर!

मला ते आवडायचं. हे कबूल केल्यावाचून पुढची गोष्ट सांगता यायची नाही. जगात कुणीतरी आपल्या येण्याने इतकं वेडं होतं, ह्याचा कुणालाही मोह पडेल. मीच हात पसरून "ये" म्हणायची. त्याला उड्या मारायला शिकवलं ते मी.

त्या सप्टेंबरच्या अखेरीला मराठवाड्यात पावसाने कहर केला. शेतात सोयाबीन कुजलं, कापूस काळा पडला, नद्यानाल्यांचं पाणी रस्त्यांवर आलं. तीन दिवस भुंग्या साखळीला होता. चौथ्या दिवशी संध्याकाळी मी छत्री मिटवीत अंगणात आले. त्याचं केविलवाणं तोंड पाहून मला राहवलं नाही. मी साखळी सोडली आणि सवयीने म्हटलं, "ये."

शहाबादी फरशी शेवाळून गुळगुळीत झालेली. तो आला तो तोफेच्या गोळ्यासारखा. मी मागे बसले ती सरळ फरशीवर. लागलं फारसं नव्हतं. पण उठता येईना. पोटावर हात धरून मी तशीच पावसात बसले होते आणि भुंग्या माझं तोंड चाटत होता. सासूबाई दारात आल्या. त्या ओरडल्या नाहीत. त्यांचा चेहरा मी आजही विसरू शकत नाही.

डॉक्टरीणबाईंनी सोनोग्राफी केली. ठोके नीट पडत होते. तो आवाज ऐकेपर्यंतची दहा मिनिटं मी कशी काढली, ते सांगत नाही. "चौथ्या महिन्यापर्यंत मूल कंबरेच्या हाडांच्या आडोशाला असतं," त्या म्हणाल्या, "पुढे ते वर येतं, मग हा आडोसा राहत नाही. इथून पुढे पोटावर धक्का बसला, दुखलं, रक्त गेलं, पाणी गेलं किंवा बाळाचं हलणं कमी वाटलं, तर उद्यावर ढकलायचं नाही, तडक यायचं." दोन दिवस पडून राहायला सांगितलं.

घरी आल्यावर सासूबाई एवढंच म्हणाल्या, "हे कुत्रं आता ह्या घरात राहायचं नाही. ते तरी राहील, नाहीतर मी तरी."

ह्यांनी मेंढपाळाला फोन लावला. तो नगरकडे गेला होता. म्हणाला, "दिवाळी झाल्यावर तिकडं येतो, घेऊन जातो. कळपात कुत्रं कधी जड होत नाही." झालं. भुंग्याला पाच आठवड्यांची मुदत मिळाली.

मी अंथरुणावर पडून रडले. मग मला माझीच लाज वाटली. पोटातल्या जिवाला धोका झाला तो माझ्या लाडामुळे, आणि शिक्षा मात्र त्या मुक्या प्राण्याला. तिसऱ्या दिवशी ह्यांना म्हटलं, "मला जनावरांच्या दवाखान्यात घेऊन चला."

तिथले डॉक्टर गाई-म्हशींचे. पण माणूस मोठा समंजस. माझं सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाले, "वहिनी, दोन गोष्टी वेगळ्या करा. एक रोगाची, दुसरी धक्क्याची."

रोगाचं त्यांनी बोटांवर मोजून सांगितलं. गरोदर बाईला ज्या एका रोगाची फार धास्ती घालतात, तो टोक्सोप्लाज्मा. तो पसरवणारं जनावर मांजर, कुत्रं नव्हे. तो मांजरीच्या विष्ठेतून येतो, तसाच कच्च्या मांसातून, न धुतलेल्या भाजीतून आणि मातीतूनही येतो. कुत्र्याचे म्हणून जे असतात ते वेगळे. पोटातले जंत, त्यासाठी दर तीन महिन्यांनी औषध आणि त्याची घाण गरोदर बाईने उचलायची नाही. पुराच्या दिवसांत मुतातून पसरणारा लेप्टो. त्याची लस कुत्र्याला मिळते. गोचीड. आणि सगळ्यांत मोठी, पिसाळण्याची लस. ती दर वर्षी, एकही वर्ष न चुकता. "त्याला तोंड चाटू द्यायचं नाही. हात लावला की साबणाने हात धुवायचे. एवढं पाळलंत तर कुत्र्यामुळे बाळंतपणात अडायचं कारण नाही."

मग ते ह्यांच्याकडे वळले. आमचं कृषी केंद्राचं दुकान आहे, हे त्यांना ठाऊक होतं. "गोचिडासाठी दुकानातलं कपाशीचं औषध तर फवारत नाही ना?" हे गप्प. मागच्या महिन्यातच पाण्यात थेंब टाकून त्यांनी भुंग्याला पुसलं होतं. डॉक्टर चांगलेच रागावले. शेतातलं कीटकनाशक कुत्र्याच्या जिवावर बेततं आणि त्याच्या केसांवरून घरातल्या बायकामुलांच्या हातांना लागतं. आमच्या घरात पोटातल्या बाळाला खरा धोका कुणी आणला होता, हे त्या दिवशी कळलं. परतताना हे सबंध रस्ताभर बोलले नाहीत.

आता धक्क्याची गोष्ट. "उडी मारतो तो तुम्ही बघावं म्हणून," डॉक्टर म्हणाले होते. "तुम्ही ओरडलात, ढकललंत, तरी त्याला वाटतं खेळ चाललाय. उडी मारली की पाठ करून उभं राहायचं. बोलायचं नाही, बघायचं नाही. चारी पाय जमिनीवर आले की मग तोंड वळवायचं आणि घास द्यायचा. पण हे घरातल्या प्रत्येकाने करायचं. एकाने लाड केला तर दहांची मेहनत फुकट."

दुसरा मंत्र दमवण्याचा. दमलेलं कुत्रं शहाणं असतं. हे पहाटे पाचला उठू लागले. आमचं लग्न झाल्यापासून हे सूर्याच्या आधी उठल्याचं मला आठवत नाही! जायकवाडीच्या उजव्या कालव्याच्या कडेने दोघं तासभर पळायचे. संध्याकाळी पुतण्या घेऊन जायचा. साखळी माझ्या हातात द्यायची नाही, असा ठराव झाला. कारण समोरून मांजर गेलं की साखळीच्या दुसऱ्या टोकाला कोण आहे, ह्याचा विचार कुत्रं करीत नाही. ओसरी आणि माजघर ह्यांच्यामध्ये सुताराकडून कंबरेइतकं अर्धं दार करून घेतलं. मी आधी खुर्चीवर बसायची, मगच भुंग्याला आत घ्यायचं. शेवाळलेली फरशी घासून वर काथ्या टाकला.

पहिला आठवडा भयंकर गेला. मी पाठ केली की तो वळसा घालून समोर येई. पुन्हा पाठ केली की पुन्हा समोर. शेजारच्या गच्चीवरून पाहणाऱ्यांना वाटलं असेल, पतसंस्थेतली बाई कुत्र्याबरोबर फुगडी खेळते आहे. अर्थात मी भिंतीच्या आडोशाला उभी असे आणि हे मध्ये. दहाव्या की अकराव्या दिवशी तो धावत आला, माझ्यापुढे थबकला, मागचे पाय थरथरले, आणि बसला. त्याच्या सबंध अंगातून वीज गेल्यासारखी होत होती, पण बसला. मी भाकरीचा तुकडा दिला. डोळ्यांत पाणी आलं ते कुणाला दिसू दिलं नाही.

सासूबाई हे सगळं माजघरातून पाहत असत. बोलत नसत. मुदत सरत चालली होती.

त्या वर्षी लक्ष्मीपूजन 4 नोव्हेंबरला होतं. मला पाचवा सरून सहावा लागत होता. पूजा झाली आणि बाजारपेठेतून फटाक्यांच्या माळा सुरू झाल्या. भुंग्याला आम्ही मागच्या खोलीत ठेवलं होतं. खिडक्या लावून, जुनं पांघरूण टाकून. ऐन धुमाळीत हे दुकानच्या पूजेला गेलेले, आणि खोलीचं दार उघडं राहिलं. मी हाक मारीत शोधू लागले. तो सापडला देवघरात. सासूबाई पाटावर बसल्या होत्या, आणि त्यांच्या पाटामागे, भिंतीशी अंग चोरून, भुंग्या थडथड कापत होता.

मी त्याला बाहेर न्यायला वाकले. "राहू दे," सासूबाई म्हणाल्या. "वाकू नकोस." मग बऱ्याच वेळाने, "भ्यायलंय गं ते. भ्यायलं की चावतं का?"

"चावेल एखादं, आई. म्हणून त्याला ओढायचं नाही, निवांत पडू द्यायचं."

त्या समईकडे पाहत राहिल्या. आणि मग त्यांनी सांगितलं. ह्या घरात मला येऊन आठ वर्षं झाली होती; ह्यांना तर पस्तीस. दोघांपैकी कुणालाही ते ठाऊक नव्हतं.

त्यांना एक धाकटा भाऊ होता. सात वर्षांचा. ही 1966 च्या सुमाराची गोष्ट. गोदाकाठचं खेडं. वेशीवरच्या कुत्र्याचा दात त्याच्या पोटरीला लागला. फार नाही, ओरखड्यासारखा. कुणी सांगितलं म्हणून जखमेत तिखट भरलं. एकाने झाडपाल्याचा लेप दिला. मोठ्या दवाखान्यात पोटात चौदा सुया टोचतात, हे गावात सगळ्यांना ठाऊक होतं, आणि त्यालाच सगळे भीत. रोज गाडी जुंपून कोण नेणार? सुगीचे दिवस. आठ दिवसांत जखम भरलीही. "दोन महिन्यांनी एक दिवस त्यानं पाणी मागितलं," सासूबाई म्हणाल्या, "मी तांब्या दिला. त्यानं तांब्याकडं बघितलं न् अंग असं आखडलं... तांब्या मी दिला होता."

बाहेर माळ फुटत होती. तहानेलं कुत्रं वाईट, असं त्या का म्हणत, ते मला तेव्हा कळलं. पंचावन्न वर्षं ही बाई प्रत्येक कुत्र्याच्या पाण्याच्या भांड्याकडे पाहत आली होती.

मी त्यांना काय सांगणार? तरी मी सांगितलं. म्हटलं, आई, आता त्या पोटातल्या चौदा सुया राहिल्या नाहीत. मेंढीच्या मेंदूपासून करीत ती जुनी लस आपल्या देशात 2005 च्या सुमारास बंदच झाली. आता दंडावर चार-पाच टोचण्या असतात, सरकारी दवाखान्यात मिळतात, आणि पोटुशी बाईलाही देता येतात. तिला तर टाळायच्याच नसतात. चावलं, ओरखडलं, की आधी जखम वाहत्या पाण्याखाली साबणाने पंधरा मिनिटं धुवायची, तिखट-चुना काही भरायचं नाही, आणि त्याच दिवशी दवाखाना गाठायचा. एकदा का पाण्याची भीती सुरू झाली, की आजही त्यावर इलाज नाही. म्हणून सगळी धाव त्याच्या आधीची.

मग मी त्यांना पाश्चरची गोष्ट सांगितली. 1885 सालच्या जुलैत नऊ वर्षांचा जोसेफ मायस्टर पिसाळलेल्या कुत्र्याने चावलेला, अल्सेसमधल्या आपल्या गावाहून पॅरिसला आला. ती लस माणसाला टोचायला तेव्हा मोठा धीर लागत होता. पाश्चर स्वतः तर वैद्यकीचा डॉक्टरही नव्हता, रसायनशास्त्रज्ञ. टोचलं, आणि पोरगा जगला.

सासूबाईंनी सगळं ऐकून एकच विचारलं, "त्याची माय सोबत होती का?"

"होती. तीच घेऊन आली होती."

"शहाणी बाई," त्या म्हणाल्या. मग थोड्या वेळाने, "ह्याचं टोचल्याचं कार्ड आहे का?"

मी कार्ड आणलं. त्यांना चष्म्याने वाचता येईना, म्हणून मीच तारखा वाचून दाखवल्या. त्यांनी पुन्हा वाचायला लावल्या. कार्ड मला परत मिळालं नाही. ते त्यांनी पोथीच्या फडक्यात ठेवलं.

दिवाळीनंतर मेंढपाळ आला. सासूबाईंनी त्याला ओसरीवर बसवलं, फराळाचं ताट दिलं, लेकरांसाठी करंज्या बांधून दिल्या आणि सांगितलं, "कुत्रं आता मार्गी लागलंय. राहू द्या. तुमच्याकडं रानोमाळ सुया कोण टोचणार त्याला?" तो बिचारा हसत निघून गेला.

त्याच डिसेंबरात माजलगाव तालुक्यातल्या लवूळ गावी माकडं कुत्र्यांची पिल्लं उचलून झाडांवर, छपरांवर नेत असल्याची बातमी देशभर झाली; शेवटी वनखात्याने दोन माकडं पकडली. आमच्या गेवराईत कुणी माकड फिरकलं नाही; पण सासूबाई आठवडाभर संध्याकाळी भुंग्याला आत घेऊन मगच फाटक लावीत. माझ्या डोहाळजेवणाला बायकांनी अंगण भरलं, तेव्हा तो अर्ध्या दारामागे बसून होता. एका मावशींनी नाक मुरडलं, "पोटुशीच्या घरात कुत्रं?" सासूबाई म्हणाल्या, "टोचलेलं आहे." जणू तो पदवीधर होता.

शेवटच्या दोन महिन्यांत आम्ही पाळणा आधीच आणून टांगला, म्हणजे त्याला त्याची सवय व्हावी. हे फोनवर तान्ह्या मुलाच्या रडण्याचा आवाज हळू लावीत, मग रोज थोडा मोठा. त्याच्या फिरण्याच्या, जेवणाच्या वेळा माझ्याकडून काढून ह्यांच्याकडे आधीच दिल्या. बाळ आल्यावर एकदम सारं बदललं, तर त्याचा राग बाळावर निघायला नको.

मार्च 2022 मध्ये माहेरी, तेव्हाच्या औरंगाबादेत, मला मुलगी झाली. तिसऱ्या दिवशी हे तिचं एक दुपटं गेवराईला घेऊन गेले आणि भुंग्याला हुंगायला दिलं. सव्वा महिन्याने आम्ही घरी आलो. ह्यांनी त्याला पहाटे कालव्यावर दुप्पट पळवून आणलं होतं. तो ओसरीच्या खांबाशी उभा होता, साखळी ह्यांच्या हातात.

सासूबाईंनी उंबऱ्याबाहेर मला थांबवलं. माझ्यावरून आणि बाळावरून भाकरतुकडा ओवाळला. सहा-सात महिन्यांत भुंग्याला भाकरीचा तुकडा दिसला की काय करायचं, ते पक्कं ठाऊक झालेलं. तो चारी पाय जमिनीवर ठेवून आला, सासूबाईंच्या पुढ्यात बसला आणि त्यांच्या हाताकडे पाहू लागला.

माझी खात्री होती, की त्या तो तुकडा त्यालाच टाकणार. ओवाळून टाकलेलं कुत्र्यानेच खायचं असतं. सासूबाईंचा हात पुढे झाला, आणि थांबला. त्यांनी त्याच्याकडे पाहिलं. मग वळून तो तुकडा लांब, फाटकापलीकडे भिरकावला.

"नजर लागलेलं खाऊ नये, बाबा," त्या म्हणाल्या. आणि मला बाळासकट तशीच उंबऱ्याबाहेर उभी ठेवून, त्याच्यासाठी ताजी भाकरी आणायला आत गेल्या.

मुलगी आता तीन वर्षांची झाली आहे. तिला आणि भुंग्याला आम्ही अजूनही क्षणभरसुद्धा एकट्यांना सोडत नाही. प्रेम वेगळं आणि पहारा वेगळा. स्वयंपाकघरातल्या भिंतीवरच्या दिनदर्शिकेत सासूबाईंच्या खुणा असतात. एकादशी, संकष्टी, गॅसची टाकी. आणि वर्षातून एकदा, लाल पेन्सिलीने, एक बारीकशी सुई.